आधी मुक्काम, मग गुंतवणूक

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ असावी, हे काहीसे नवलाचेच म्हणावे लागेल. आमच्या वाट्याला नर्मदामाई आलेली आहे. ग्वारीघाटावरची संध्याकाळ आणि भेडाघाटचे संगमरवरी कडे ज्याला घराजवळ लाभतात, त्याने पाण्यासाठी आणखी दूर जाण्याचे कारण नाही. तरीही बँकेतील चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालो, तेव्हा मनात एक इच्छा उरलीच होती. वर्षातील काही महिने तरी समुद्राची गाज ऐकत काढावेत, ही ती इच्छा.

२०२३ च्या दिवाळीत सिंगापूरला नोकरीनिमित्त असलेल्या पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याचे चार मित्र मिळून इंडोनेशियातील लोम्बोक बेटावर, कुटा नावाच्या किनाऱ्यावरील गावी एक बंगला घेणार होते. एका हिश्शाची जागा रिकामी होती. “काका, बँकेत पैसे नुसते पडून आहेत. इथे ते वाढतीलही आणि तुम्हाला समुद्रही मिळेल,” असे तो म्हणाला. ज्याने उभा जन्म ठेवी गोळा करण्यात घालवला, त्याला ‘पैसे पडून आहेत’ हे शब्द थोडे लागलेच. पण छायाचित्रे पाहून मन चळले हेही खरे. सौभाग्यवतींनी मात्र चहाचा कप खाली ठेवत एवढेच विचारले, “समुद्रच हवा असेल तर आपल्या वेळणेश्वराला काय झाले?”

या एका प्रश्नाने पुढील दोन वर्षे आम्हाला पुष्कळ शिकवले. आपल्या बँकेच्या ग्राहकांपैकी आणि सहकाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात निवृत्तीनंतर ‘किनाऱ्यावर एखादी जागा’ घेण्याचे स्वप्न असते. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव, त्यातील चुकीसह, येथे मांडत आहे.

परदेशी किनाऱ्याचा हिशेब

पुतण्याचा प्रस्ताव थेट नाकारण्यापूर्वी त्याचा रीतसर अभ्यास करावा, असे ठरवले. निवासी भारतीयाला परदेशात पैसे पाठवून स्थावर मालमत्ता घेता येते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली, तेव्हा वार्षिक मर्यादा २५ हजार डॉलर होती; आज ती प्रत्येक आर्थिक वर्षासाठी अडीच लाख डॉलर आहे. पैसे अधिकृत बँकेमार्फतच गेले पाहिजेत आणि ती मालमत्ता दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवली पाहिजे. इथवर अडचण नव्हती.

अडचण जमिनीच्या कायद्यात होती. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी, ज्याला तेथे ‘हाक मिलिक’ म्हणतात, ती फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. परकीय माणसाला ठरावीक मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा घेता येतो. म्हणून कित्येकजण एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन त्याच्याशी खासगी करार करतात. असा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. लोम्बोकच्या या भागात मंडालिका येथे शर्यतीचा मार्ग झाला, २०२२ साली तेथे जागतिक दर्जाची मोटारसायकल शर्यत भरली आणि जमिनीला मागणी वाढली. त्याच बेटावर ऑगस्ट २०१८ च्या भूकंपात पाचशेहून अधिक माणसे दगावली, हेही वाचनात आले.

जेथील भाषा येत नाही, कायदा कळत नाही आणि वर्षातून एकदा जाणेही कठीण, तेथे उतारवयातील पुंजी गुंतवू नये, असे पुतण्याला कळवले. त्याने ते समजून घेतले. परक्या देशाचा तो कायदा मला त्या वेळी फारच जाचक वाटला होता. तो कोणासाठी केलेला असतो हे पुढे आपल्याच गावात समजले.

वेळणेश्वरची वाट

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर. माडांच्या राईला लागून चंद्रकोरीसारखा किनारा, काठावर श्रीवेळणेश्वराचे शिवमंदिर आणि दक्षिणेला थोड्याच अंतरावर हेदवीचा दशभुज गणपती. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने देशभर विखुरलेली कुटुंबे येथे अभिषेकाला येतात. आमचे आजोबा १९२६ साली गाव सोडून जबलपूरला आले आणि १९०४ साली सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. १८७० मध्येच मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरवरून पूर्ण झाला होता आणि त्या मार्गाने कितीतरी मराठी माणसे येथे आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि आमच्यासारखी कुटुंबेही येथेच राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दोघे निघालो. जबलपूरहून रात्रभराच्या प्रवासाने मुंबई आणि तेथून कोकण रेल्वेने चिपळूण. जबलपूरहून कोकणमार्गे कोईंबतूरला जाणारी साप्ताहिक विशेष गाडीही चालवली गेली आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जात असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी हे बरे. आजोबांच्या काळी मुंबईहून आगबोटीने येणे होई. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून ही वाट सोपी झाली. चिपळूणहून एसटीने वळणावळणांच्या रस्त्याने सुमारे दोन तासांत आम्ही गावात पोचलो.

आमचे घर म्हणजे चिरेबंदी जोत्यावरचे कौलारू घर. भोवती नारळ-सुपारीची वाडी, मागे विहीर. आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू, नात्याने माझा चुलतभाऊ, तेथे राहतो. वयाने तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याने आणि वहिनींनी आमचे मनापासून स्वागत केले. पहिल्या रात्री ओटीवर बसून समुद्राची गाज ऐकताना वाटले, आता दुसरीकडे कोठे जायला नको.

विसार

चौथ्याच दिवशी एक जमिनीचा दलाल भेटला. किनाऱ्यापासून शंभर मीटरवर पाच गुंठ्यांचा तुकडा, त्यावर सहा माड, समोर मोकळा समुद्र. भाव ‘आज आहे तो उद्या नसेल’ अशा जातीचा. शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो ना, असे विचारताच त्याने “दाखला आम्ही करून देतो, साहेब” असे सहजपणे सांगितले. चौतीस वर्षे मी इतरांच्या तारणाची कागदपत्रे भिंगातून तपासली. कर्जदाराने एक फेरफार कमी आणला तरी त्याला परत पाठवले. आणि त्या दिवशी सूर्य मावळताना, समोर समुद्र पाहत, मी पन्नास हजार रुपयांचा विसार एका साध्या पावतीवर देऊन मोकळा झालो.

जबलपूरला फोन करून एका वकील मित्राला ही आनंदवार्ता सांगितली. त्याने शांतपणे तीन प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालय व तालुक्याच्या ठिकाणी जाऊन त्यांची उत्तरे मिळवली, तेव्हा तिन्ही उत्तरे आमच्या विरुद्ध निघाली.

पहिला प्रश्न शेतकरी असण्याचा. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही. असा व्यवहार झाल्यास कलम ८४-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. ‘करून दिलेला’ दाखला म्हणजे बनावट दाखला आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर.

दुसरा प्रश्न क्षेत्राचा. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये रत्नागिरीसह राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिराईत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र ठरवण्यात आले. पाच गुंठ्यांचा तुकडा वेगळा होऊन आमच्या नावावर चढणे त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे शक्य नव्हते.

तिसरा प्रश्न समुद्राचा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. पुढे २०११ व २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र मानले जाते. तेथे पूर्वीपासूनच्या घरांची दुरुस्ती होऊ शकते. बाहेरून आलेल्या माणसाचा नवा बंगला होऊ शकत नाही. ज्या शंभर मीटरसाठी दलाल जादा भाव मागत होता, तेच शंभर मीटर त्या जागेचे मोठे वैगुण्य होते.

विसाराचे पैसे गेले ते गेलेच. पैशांपेक्षाही, आपण आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितले ते स्वतःच्या वेळी विसरलो, ही बोच अधिक होती.

सातबारावरची नावे

त्याच फेरीत आमच्या वाडीचा सातबारा उतारा पाहिला. त्यावर तेवीस नावे होती. त्यांत आमच्या आजोबांचे नावही अद्याप होते, ते १९६७ साली निवर्तले असूनही. कोकणात ही गोष्ट नवी नाही. घरटी एक-दोघे मुंबईला जात, मनीऑर्डरवर घर चाले आणि वारसनोंदी करायला कोणी थांबत नसे. खाते सामायिकच राहिले. आमच्या घराण्याची डोंगरावरची भातखाचरे कूळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. वडिलांच्या बोलण्यात त्याविषयी नेहमी एक कडवटपणा असे. मागे उरली ती फक्त घराभोवतीची वाडी.

वारसनोंद झाली तर माझे नाव लागेल, मी कायदेशीर शेतकरी ठरेन आणि मग पुढचे सारे मार्ग मोकळे होतील, असा विचार मनात आला. मी तो जेवताना बोलूनही दाखवला. चुलतभाऊ काही बोलला नाही. रात्री मात्र ओटीवर येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “दादा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही राहायला आलात, की वाटणी मागायला?”

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. या माणसाने चाळीस वर्षे विहीर उपसली, दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळली, पडलेल्या माडांच्या जागी नवे लावले, कुलदैवताचा नेम चालवला आणि गावात आमचे नाव टिकवले. कागदावर आम्ही दोघे सारखेच हिस्सेदार. लोम्बोकचा कोळी परदेशी बंगलेवाल्याकडे ज्या नजरेने पाहत असेल, त्याच नजरेने आज माझा भाऊ माझ्याकडे पाहत होता. इंडोनेशियाचा १९६० चा कायदा असो की आपला १९४८ चा, दोघांची भीती एकच आहे : जमीन राहणाऱ्याच्या हातून सुटून पैसेवाल्याच्या हाती जाईल. जो कायदा मला दिवाळीत जाचक वाटला होता, त्याचा अर्थ मला माझ्याच ओटीवर उमगला.

राहून पाहिलेले गाव

आठ दिवसांसाठी गेलेलो आम्ही मार्चअखेरपर्यंत राहिलो. वाडीला पाणी लावणे, सुपारी सोलणे, पहाटे होड्या परतल्यावर किनाऱ्यावर होणारा माशांचा लिलाव, शिमग्याची पालखी, हे सारे पाहिले. खारट वाऱ्याने लोखंडाची वस्तू किती लवकर गंजते, रात्री-बेरात्री डॉक्टर गाठायचा तर किती दूर जावे लागते, हेही कळले. जुलैमध्ये पुन्हा गेलो, तो मुद्दाम पावसाळा पाहण्यासाठी. तीन दिवस वीज नव्हती, भिंतींना ओल आली आणि समुद्राकडे पाहण्याचे धैर्य होत नव्हते. ज्याला किनाऱ्यावर घर हवे त्याने एक आषाढ तेथे काढावा, असे आम्ही आता सर्वांना सांगतो.

मधल्या काळात दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून दापोलीमार्गे मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे कासव महोत्सव भरू लागला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. ती समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी लोक दूरवरून येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. कोणाची जमीन गेली नाही, हॉटेल उभे राहिले नाही, तरी घराघरांत चार पैसे आले. याच कुळातील ‘बागेश्री’ नावाच्या मादीला फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर उपग्रह-संदेशक बसवला होता. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेल्याचे त्यावरून दिसले.

आमच्याच तालुक्यात याच्या उलट उदाहरणही आहे. अंजनवेलच्या प्रचंड वीजप्रकल्पासाठी १९९० च्या दशकात जमिनी गेल्या, भाव चढले, दुकाने निघाली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि २००५ मध्ये नव्या सरकारी भागीदारीतील कंपनीकडे गेला. मोठा पैसा येतो तसा जातो, हे येथील लोकांनी पाहिलेले आहे.

ठरले ते असे

जबलपूरला परतल्यावर मी प्रथम आत्यांकडे गेलो. त्या ८६ वर्षांच्या; सातबारावर त्यांचे नाव येईल असे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस ठरली आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “माझे नाव लावा. पण विकण्यासाठी नको. आपण तिथले आहोत एवढे कागदावर राहू दे.”

वकिलाच्या सल्ल्याने आम्ही सर्वांच्या वारसनोंदी करण्याचे काम हाती घेतले. ते अद्याप पुरे झालेले नाही. वाटणी मागायची नाही, असे मी लेखी दिले. नवी जमीन घेण्याऐवजी सात लाख रुपये जुन्या घराच्या दुरुस्तीला दिले. छप्पर, दोन खोल्या आणि दोन स्वच्छतागृहे तयार झाली आणि राज्याच्या पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणीसाठी चुलतभावाच्या नावे अर्ज केला. जानेवारी ते मार्च एक खोली आमची. उरलेले उत्पन्न आणि निर्णय त्याचे. दिवाळी व मे महिना सोडला तर खोल्या बहुधा रिकाम्याच असतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बँकेच्या परिभाषेत या सात लाखांना मी गुंतवणूक म्हणणार नाही. तो खर्च आहे, आणि तो आम्हाला परवडला, कारण उदरनिर्वाहाची रक्कम त्यात घातली नव्हती. ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, जिची मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये आहे, आणि मुदत ठेवींत सुरक्षित आहे. घराचा विमाही उतरवला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगडच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या आणि २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण बुडाले. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध असून तीत वादळ-पुराचा समावेश असतो.

लक्षात ठेवण्याजोगे

- विसार देण्यापूर्वी सातबारा, आठ-अ आणि मागील सर्व फेरफार पाहावेत. ‘इतर हक्क’ हा रकाना न वाचता पुढे जाऊ नये.
- दुय्यम निबंधक कार्यालयातील निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा.
- भूमी अभिलेख खात्याची मोजणी, जाण्या-येण्याची वाट आणि गोड्या पाण्याची खात्री करावी.
- भरतीरेषेपासूनचे अंतर नकाशावर तपासावे. बिगरशेती व तुकडेबंदीचे नियम बदलत असतात. चालू नियम तहसील कार्यालयातच विचारावा.
- सर्व रकमा धनादेशाने किंवा खात्यातून द्याव्यात आणि करार नोंदवावा.
- आणि सर्वांत आधी, त्या गावात एक उन्हाळा व एक पावसाळा राहून पाहावे.

गेल्या मार्चमध्ये निघताना चुलतभावाने नेहमीप्रमाणे सुपारी आणि आमसुलांची पिशवी हातात दिली. एसटी यायला वेळ होता. तो म्हणाला, “दादा, परसातल्या पडक्या कुंपणापाशी पाच माड लावायचे म्हणतोय. धरायला सहा-सात वर्षे जातील.” मी मनात माझे वय मोजले आणि म्हणालो, “लाव. पाणी घालायला जानेवारीत येतोच आहे.”